दिघ्याच्या शाळेतील रसायनशास्त्र

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे निघालेल्या उपनगरी गाडीला पहिले स्थानक लागते ते दिघा गाव. बांधून तयार झाल्यावरही बरेच दिवस उद्घाटनाची वाट पाहत उभे असलेले हे स्थानक अखेर 12 जानेवारी 2024 रोजी सुरू झाले. त्याच्या एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, आणि दक्षिणेकडे पाहावे तर थेट बेलापूरपर्यंत पसरलेला कारखान्यांचा पट्टा. खाडीच्या पलीकडे मुलुंड, भांडुप, कांजूरच्या बाजूस मिठागरांच्या जमिनी आहेत. खाडीकाठच्या आगरी समाजाचे नावच मुळी मिठाच्या आगराशी जोडलेले आहे. डोंगरात काळा पाषाण, आगरात मीठ, रस्त्यालगत रंग, औषधे, रबर आणि प्लास्टिक यांच्याशी संबंधित लहानमोठे कारखाने! रसायनशास्त्र शिकवावयास याहून सोयीची जागा महाराष्ट्रात शोधून सापडणे कठीण. तरीही दिघ्यातील दहावीचा विद्यार्थी आणि ज्याने कारखान्याची चिमणी कधी पाहिलेली नाही असा एखाद्या आडगावचा विद्यार्थी, हे दोघे रसायनशास्त्राच्या बाबतीत शाळेतून सारखीच शिदोरी घेऊन बाहेर पडतात. ही शिदोरी म्हणजे चार बाण.

हे बाण आवर्तसारणीच्या कडेने काढलेले असतात. डावीकडून उजवीकडे अणूचे आकारमान कमी होते, हा पहिला. वरून खाली ते वाढते, हा दुसरा. धातुगुणाचे दोन बाण नेमके याच्या जोडीने जातात. परीक्षेत ‘कारणे लिहा’ असा प्रश्न आला, तर त्याचे कारणही ठरावीक दोन वाक्यांत पाठ केलेले असते. विद्यार्थ्याला मग गुण मिळतात आणि विषय संपतो. परंतु ज्या मिठागराची जमीन त्याला गाडीच्या खिडकीतून दिसते, त्या मिठागरातील मीठ आठशे अंशांपर्यंत तापविल्यावाचून का वितळत नाही, याचे उत्तर याच बाणांत दडलेले आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याने तरी ते कोठून शोधून काढावे?

याचे एक कारण पाठ्यपुस्तकांच्या मांडणीत आहे. राज्याच्या अभ्यासक्रमात 2018 सालापासून जी पुस्तके चालत आली, त्यांत आयनिक आणि सहसंयुज बंधांची ओळख आठवीच्या सामान्य विज्ञानात होते. आवर्तसारणी भेटते ती दहावीत, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पहिल्या भागातील दुसऱ्या प्रकरणात. कार्बनी संयुगे त्याच पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात येतात. म्हणजे अणू एकमेकांशी कसे जोडले जातात हे मूल अगोदर शिकते, आणि कोणता अणू कोणाशी कोणत्या प्रकारे जोडला जाईल हे ज्या नकाशावरून कळते तो नकाशा त्याच्या हाती दोन वर्षांनी पडतो. तोवर आठवीतला बंध विस्मरणात गेलेला असतो. हा नकाशा जमिनीवर नेऊन ताडून पाहावयाचा असतो, याची जाणीव करून देण्यास कोणाला सवड नसते.

राष्ट्रीय पातळीवर तर याहून विलक्षण प्रकार घडला. कोविडच्या काळात विद्यार्थ्यांचा भार हलका करावा या हेतूने एनसीईआरटीने काही प्रकरणे बाजूला ठेवली होती. त्यांतील मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण 2023 साली दहावीच्या पुस्तकातून कायमचे गेले. उत्क्रांतीचा भागही त्याच वेळी गेला. देशातील आणि परदेशांतील वैज्ञानिकांनी त्यावर टीका केली, तेव्हा हा विषय अकरावीत आहेच, असे उत्तर देण्यात आले. उत्तर वस्तुस्थितीला धरून होते. परंतु दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेकडे वळणाऱ्या, अथवा आयटीआयमध्ये जाणाऱ्या मुलामुलींची आवर्तसारणीशी गाठ मग पडायची केव्हा? तेथे बंध राहिले आणि सारणी गेली. आपल्याकडे दोन्ही आहेत, पण परस्परांना ओळखत नाहीत. महाराष्ट्र सरकारने सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणण्याचे 2025 साली जाहीर केले. तेव्हा या प्रकरणाचे राज्यात पुढे काय होणार, हा प्रश्न केवळ शिक्षकांच्या चर्चासत्रापुरता राहिलेला नाही.

आवर्तसारणीचा जन्म कोणत्याही प्रयोगशाळेतील अपघाताने झालेला नाही, ही गोष्ट या संदर्भात आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. ती एका शिक्षकाच्या अडचणीतून जन्मली. सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात शिकविणारे दिमित्री मेंडेलीव्ह विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पुस्तक लिहीत होते. तोवर ज्ञात झालेली साठाहून अधिक मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने मांडावीत, म्हणजे विद्यार्थ्याला ती सुटीसुटी पाठ करावी लागणार नाहीत, हा त्यांच्यापुढचा पेच होता. 1869 साली प्रसिद्ध झालेली सारणी हे त्या पेचाला मिळालेले उत्तर होते. पाठांतर टाळण्यासाठी जे साधन शोधले गेले, तेच आज पाठांतराचा विषय होऊन बसले आहे!

मेंडेलीव्ह यांनी सारणीत रिकाम्या जागा सोडल्या आणि त्या जागी येणाऱ्या अज्ञात मूलद्रव्यांना नावे देताना संस्कृत संख्यावाचकांचा आधार घेतला. ॲल्युमिनियमच्या खालचे ते ‘एक-ॲल्युमिनियम’, सिलिकॉनच्या खालचे ते ‘एक-सिलिकॉन’. मराठी मुलाला यातला ‘एक’ समजावून सांगावा लागत नाही. 1875 साली फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां यांना गॅलियम सापडले. त्याची घनता त्यांनी 4.7 मोजली. ज्यांनी ही धातू डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती त्या मेंडेलीव्ह यांनी रशियातून कळविले की, ती 5.9 च्या आसपास असावयास हवी, सबब नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजावा. पुन्हा मोजली तेव्हा ती 5.9 भरली. एखाद्या शिक्षकाने ही हकीकत वर्गात रंगवून सांगितली आणि मग गॅलियमची जागा झाकून, शेजारपाजारच्या मूलद्रव्यांवरून तिच्या गुणधर्मांचा अंदाज करण्यास मुलांना सांगितले, तर त्या एका तासात जे साधेल ते चार बाण शंभर वेळा गिरवून साधणार नाही.

बंधाच्या बाबतीत होणारी हानी अधिक सूक्ष्म आहे. सोडियमला एक इलेक्ट्रॉन ‘द्यायचा असतो’ आणि क्लोरीनला तो ‘हवा असतो’, म्हणून दोघांचे जमते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. विवाह जुळविणाऱ्या मध्यस्थाच्या तोंडी शोभावी अशी ही भाषा लहान वयात समजण्यास सोपी वाटते, पण ती खरी नाही. सोडियमच्या अणूपासून इलेक्ट्रॉन काढून घ्यावयाचा तर एका मोलमागे सुमारे 496 किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. सोडियम तो खुशीने देत नाही. फक्त त्याच्या ओळीतील इतरांच्या मानाने कमी किमतीत सोडतो. तो इलेक्ट्रॉन क्लोरीनने स्वीकारला की सुमारे 349 किलोज्यूल परत मिळतात. जमाखर्च येथेच मिटविला तर दीडशेच्या घरात तूट येते आणि मीठ तयार होण्याचे काही कारणच उरत नाही. कार्यालयात खतावणी लिहिणाऱ्या कारकुनालाही ही तूट तात्काळ दिसेल. मात्र शाळेच्या फळ्यावर ती दाखविली जात नाही. ही तूट भरून निघते ती पुढच्या पायरीवर. विरुद्ध प्रभारांचे हे आयन एकमेकांभोवती रचले जातात, प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम अशी अफाट जाळी उभी राहते, आणि त्या रचनेपोटी मोलमागे सुमारे 787 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे मिठाला मीठपण येते ते दोन अणूंमधील देवघेवीने नव्हे, तर अब्जावधी आयनांच्या रचनेने.

ही एक गोष्ट नीट समजली की पुढच्या कितीतरी गोष्टी आपोआप उलगडतात. मिठाचा सुटा ‘रेणू’ खड्यात नसतोच, हे कळते. मिठागरातील खडा जवळून पाहिला तर चौकोनी का दिसतो, हे कळते. सोडियम ही धातू 98 अंशांना वितळते, तर तिचेच मीठ वितळण्यास 801 अंश का लागतात, याचाही उलगडा होतो. जाळी मोडावयाची तर तिची पुरती किंमत मोजावी लागते. आणि सारणीतले बाणही एकदम बोलू लागतात. तिसऱ्या आवर्तात सोडियमपासून क्लोरीनपर्यंत जाताना केंद्रकावरील प्रभार वाढत जातो, परंतु बाहेरचे कवच तेच राहते. साहजिकच इलेक्ट्रॉनांवरील पकड घट्ट होत जाते आणि अणू आक्रसतो. सोडियमची त्रिज्या 186 पिकोमीटर, तर क्लोरीनची अवघी 99. लिथियमकडून सोडियमकडे आणि तेथून पोटॅशियमकडे उतरताना दर पायरीला एक नवे कवच चढते आणि पकड सैल होते. ही पकड हीच साऱ्या गोष्टीची किल्ली आहे. पकड अगदी विषम असेल तर आयन बनतात आणि जाळी उभी राहते. ती बरोबरीची असेल तर इलेक्ट्रॉन सामायिक राहतात. पुष्कळ अणूंची पकड सैल असेल, तर इलेक्ट्रॉन कोणा एकाचे न राहता सर्वत्र फिरतात, आणि धातूला चकाकी व विद्युतवाहकता येते. आकारमान, बंध आणि रचना ही तीन प्रकरणे नाहीतच. ते एकच प्रकरण आहे.

अर्थात नियमाला अपवाद आहेत आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचे त्यांच्यावर विशेष प्रेम असते. नायट्रोजनपासून इलेक्ट्रॉन काढण्यास त्याच्या उजवीकडील ऑक्सिजनपेक्षा जास्त ऊर्जा लागते, क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वीकारताना फ्लोरीनपेक्षा जास्त ऊर्जा सोडतो, इत्यादी. प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीवर्गांत हे अपवादच मुख्य धडा होऊन बसतात. ज्याला नियमामागचे कारण ठाऊक नाही, त्याला अपवाद पाठ करावयास लावणे याला शिक्षण म्हणावयाचे काय?

रचनेचे महत्त्व तर दिघ्याइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. कार्बन आणि सिलिकॉन एकाच गणातले, वरखालचे शेजारी. कार्बनचा डायऑक्साइड हा वायू, आपण श्वासावाटे सोडतो तो. सिलिकॉनचा डायऑक्साइड म्हणजे गारगोटी, जी वितळण्यास सुमारे सतराशे अंश तापमान लागते. सूत्रे सारखीच, पण पहिल्यात तीन अणूंचे सुटे रेणू आहेत आणि दुसऱ्यात प्रत्येक अणू शेजाऱ्याशी बांधलेला आहे, शेवट नसलेल्या जाळीसारखा. पारसिकच्या डोंगरातील काळा पाषाण हाही सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अशाच बांधणीवर उभा आहे. डोंगर आणि श्वास यांच्यातील हे अंतर विद्यार्थ्याला शाळेच्या आवारात उभे राहून दाखविता येईल.

आणि शाळेसमोरचा रस्ता? ठाणे-बेलापूर पट्ट्यात 1968 साली नोसिल या कंपनीने नॅफ्थ्याचे भंजन करणारा प्रकल्प सुरू केला. नॅफ्थ्याच्या लांब रेणूंचे तुकडे करून एथिलीनसारखे लहान रेणू मिळवावयाचे, हे त्याचे काम. भारतातील पेट्रोरसायन उद्योगाच्या पहिल्या मोठ्या प्रकल्पांत त्याची गणना होते. तो विभाग पुढे बंद पडला. पण एथिलीनचा धडा जुना झालेला नाही. एथिलीनचे रेणू अतिशय मोठ्या दाबाखाली एकमेकांस जोडले तर तयार होणाऱ्या साखळीला जागोजागी फाटे फुटतात. फाट्यांमुळे साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत, आणि मऊ, लवचीक पिशवीचे पॉलिथिन मिळते. जर्मनीत कार्ल झीगलर यांनी 1953 साली शोधलेल्या उत्प्रेरकांनी हीच जोडणी कमी दाबात करता येऊ लागली. साखळ्या सरळ निघाल्या, दाटीने बसल्या, आणि बादल्या, डबे, नळ यांना लागणारे टणक पॉलिथिन तयार झाले. मूलद्रव्ये तीच, बंधही तेच, फरक फक्त रचनेचा. त्याबद्दल झीगलर यांना इटलीच्या ज्यूलिओ नाट्टा यांच्यासह 1963 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दिघ्याच्या कोणत्याही घरात ही पिशवी आणि हा डबा शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

नोसिल कंपनी आता रबर उद्योगाला लागणारी रसायने बनविते. त्यांचे कामही बंधांचेच आहे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होते, कारण त्याच्या लांब साखळ्या एकमेकींवरून मोकळेपणी सरकत असतात. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना असे आढळले की, गंधक घालून तापविल्यास हा दोष जातो. गंधक साखळ्यांच्या दरम्यान पूल बांधते, हे कारण नंतर कळले. पूल लवकर आणि प्रमाणात बांधले जावेत यासाठी वेगवर्धक रसायने लागतात. एसटीच्या टायरमध्ये हे असंख्य पूल फिरत असतात. ज्या मुलाचा बाप अशा एखाद्या कारखान्यात पाळी करून घरी येतो, त्या मुलाला बाप दिवसभर नेमके काय करतो हे शाळेत कळू नये, हा दोष रसायनशास्त्राचा खचितच नाही.

यात केवळ बुद्धीच्या विलासाचा प्रश्न असता तर तो इतका आग्रहाने मांडण्याची आवश्यकता नव्हती. परंतु रसायनांच्या शेजारी राहणाऱ्यांना अज्ञानाची किंमत वेगळ्या प्रकारे द्यावी लागते. पावसाळ्यात वस्त्यांतून ब्लीचिंग पावडर टाकली जाते. संडास साफ करण्यासाठी ॲसिड घरोघरी असते. स्वच्छता अधिक व्हावी म्हणून कोणी दोन्ही एकत्र ओतले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो. मिठातला क्लोरीन आपण रोज खातो. तोच मोकळा झाला की फुप्फुसे जाळतो. पहिल्यात त्याला हवा असलेला इलेक्ट्रॉन मिळालेला आहे, दुसऱ्यात तो समोर येईल त्याच्यापासून ओढून घेतो. सारणीच्या उजव्या टोकाला असलेल्या या गणाचा स्वभाव ज्याला कळला, तो बाटलीवरील सूचना न वाचताही हात आखडता घेईल. सूचना पाठ करणारा मात्र बाटली बदलली की फसेल.

यावर असे म्हटले जाईल की, मुलांवर आधीच भार फार आहे. ते खरे आहे. दहावीला विज्ञानाच्या पहिल्या भागाची लेखी परीक्षा 40 गुणांची, आणि त्यात दहा प्रकरणांना जागा द्यावयाची. एका प्रकरणाच्या वाट्याला काय येणार? शिक्षकाला नावे ठेवणेही सोपे आहे. खच्चून भरलेला वर्ग, मतदारयाद्यांपासून सर्वेक्षणांपर्यंतची अवांतर कामे आणि निकालाची टांगती तलवार, या साऱ्यांतून त्याला वाट काढावयाची असते. पण भार कमी करण्याचा मार्ग प्रकरण गाळण्यातून जात नाही. कारण माहीत असले की दहा वस्तुस्थिती लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. कारण काढून टाकले की त्या दहाही डोक्यावर येऊन बसतात. आवर्ती वर्गीकरण गाळल्याने पुस्तक काही पानांनी हलके होत असेल, विद्यार्थी होत नाही.

यासाठी मोठ्या निधीची अथवा नव्या समितीची गरज नाही. बंध आणि सारणी एकाच वर्षात, लागोपाठच्या प्रकरणांत आणावीत. परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा की, ज्यात पुस्तकात न आलेल्या मूलद्रव्याची जागा देऊन त्याच्या क्लोराइडबद्दल अंदाज विचारलेला असेल, आणि तर्कसंगत चुकीच्या उत्तरालाही गुण असतील. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 सालापासून शालेय विज्ञानावर काम करीत आहे. दिघ्याहून ते खाडीपलीकडे, तासाभराच्या अंतरावर आहे. नवी मुंबईतील शाळांनी आपले विज्ञानशिक्षक तेथे पाठविण्यास कोणाची हरकत असणार?

आणि तोवर वर्गात करता येण्याजोगे पुष्कळ आहे. एका जुन्या चमच्यात साखर आणि दुसऱ्यात मीठ घेऊन शिक्षकाने ते ज्योतीवर धरावेत. साखर वितळते, मग काळी पडते. मीठ तडतडते, पण वितळत नाही. साखरेच्या आणि मिठाच्या पाण्यात आळीपाळीने दोन तारा बुडवून नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक लहान एलईडी दिवा जोडावा. कोणत्या पेल्यात दिवा लागेल, हे मुलांनी तारा बुडविण्यापूर्वी वहीत लिहावे आणि कारण द्यावे. मग तारा बुडवाव्यात.